अकराने भाग जाणारे आकडे

काळ्या पडद्यावर एक बारीक पांढरी रेघ लुकलुकत होती. मिनिटाला किती वेळा, ते मी घड्याळाकडे बघून दोनदा मोजलं. पहिल्यांदा छप्पन्न, दुसऱ्यांदा सत्तावन्न. इतक्या संथ लुकलुकण्याने मला काही होत नाही. सेकंदाला पंधरा-वीस वेळा झालं तर होऊ शकतं. दहावीत असताना एकदा झालंही होतं, समोरच्या क्वार्टरवरच्या दिवाळीच्या माळेमुळे. हे आईला माहीत होतं, बाबांना आणि अनुरागदादाला माहीत होतं. लॅपटॉपसमोर बसलेल्या मानसला माहीत नव्हतं, आणि फेब्रुवारीत आमचं लग्न होतं.

"काका, हा किल्ली मागतोय," मानस म्हणाला. "अठ्ठेचाळीस आकडी. सहा-सहाचे आठ गट."

"मागू द्या हो मानसराव," बाबा सोफ्यावरून म्हणाले. "मागणाऱ्याला सगळंच द्यायचं नसतं."

"पण आहे काय त्यात एवढं?"

"लग्नाच्या आमंत्रणांची यादी," बाबा म्हणाले.

मानस हसला. "यादीसाठी अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केलीत? आमच्या ऑफिसात बँकांचा डेटा असतो, तिथे लोक करायला कंटाळतात, यार."

"सरकारी सवय," बाबा म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. ते त्यांनी सकाळीच पूर्ण वाचलेलं होतं.

बाबांची सगळी नोकरी एका परीक्षा कार्यालयाच्या गोपनीय शाखेत गेली. प्रश्नपत्रिकांच्या खोलीला दोन कुलुपं असत. एकाची किल्ली बाबांकडे, दुसऱ्याची दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. बत्तीस वर्षांत एक कागद फुटला नाही, हे ते दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये चहाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. निवृत्त होऊन आम्ही इंदिरापुरमच्या या सोसायटीत आठव्या मजल्यावर आलो, तेव्हा तिथलं बरंच फर्निचर विकलं. ही शिस्त मात्र बरोबर आली.

गेल्या वर्षी दिवाळीत माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. बाबांनी कपाटातून माझी फाईल काढली. आठवीत मला पहिली फिट आली, तेव्हापासूनचे चौदा वर्षांचे कागद त्यात होते: मेंदूच्या तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि माझ्या वह्या. प्रत्येक फिटची मी नोंद ठेवते. तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, औषधाची मात्रा. ती किती सेकंद चालली, हा आकडा आईचा असतो, कारण तेव्हा मी नसते. अनुरागदादा बंगळूरहून आला होता. त्याने सगळं स्कॅन केलं, डिस्कला कुलूप घातलं आणि ते कधी अडलं तर लागणारी किल्ली बाबांना वाचून दाखवली. बाबांनी ती दोन कागदांवर अर्धी-अर्धी लिहिली. पहिले चार गट स्वतःकडे ठेवले, नंतरचे चार मला दिले. दादाला त्याच्याकडची नोंद डोळ्यांदेखत पुसायला लावली. मग फाईलमधले मूळ कागद फाडले, बादलीत भिजवले, आणि दुसऱ्या दिवशी तो लगदा स्वतः खाली नेऊन टाकला. दुसरी प्रत काढू या, असं मी म्हटलं होतं.

"प्रत काढली की कागद फुटलाच समजायचा," बाबा म्हणाले.

मी नोएडात एका प्रयोगशाळेत वजनं तपासते. दुकानातली, औषध कंपन्यांची, सोनारांची वजनं खरी आहेत की नाहीत ते बघून सही करते. वजन खोटं निघालं तर सही करत नाही. घरात मात्र मी वर्षभर म्हणत राहिले की मानसला सांगू या. साखरपुड्याआधी सांगू, असं ठरलं होतं. मग साखरपुड्यानंतर. मग लग्न झाल्यावर, माझी तब्येत बघून. ठरवणारे बाबा होते, पण मान मीही हलवली होती.

नोव्हेंबरात नव्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "लग्न ठरलंय? मग ही गोळी बदलायला हवी. पुढे मूल व्हायचं असेल तर ती पोटातल्या बाळाला चांगली नाही." बदलायला काही महिने लागतात, आणि आधी कुठली औषधं दिली, किती, कुठल्याने अपाय झाला, हे सगळं त्यांना हवं होतं. माझे जुने डॉक्टर वारले होते. कागद त्यांनी नेहमी आमच्याच हाती दिले होते. शाळेत असताना एका गोळीने माझ्या तोंडात आणि अंगावर फोड आले होते, सोळा दिवस मला गिळता येत नव्हतं. ती गोळी कुठली? आईला तिचा गुलाबी रंग आठवतो. ती पुन्हा दिली गेली तर मी मरू शकते, असं डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. मंगळवारी कागद घेऊन बोलावलं.

त्याच आठवड्यात लॅपटॉपचं घड्याळ मागे पडायला लागलं. बंद करून चालू केला की तारीख चार वर्षांपूर्वीची. बाबा तो नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात घेऊन गेले. दुकानदाराने आतला छोटा सेल बदलला, सेटिंग सगळं मुळापासून लावलं आणि नव्यासारखा करून दिला. घरी आणून सुरू केला, तर हा काळा पडदा.

मी बाबांकडे त्यांचा अर्धा भाग मागितला. बुधवारी ते म्हणाले, शोधतो. गुरुवारी म्हणाले, कपाटात असेल. शुक्रवारी खरं बोलले.

"फेब्रुवारीपर्यंत काही बदलायचं नाही. चालू गोळीवर दोन वर्षं तुला काही झालेलं नाही. बदलली आणि मांडवात पडलीस तर?"

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही नवरा-बायको बघा."

ते लॅपटॉप तसाच ठेवणार होते. पण आईने फोनवर मानसच्या आईला बोलता बोलता सांगून टाकलं की यादी कॉम्प्युटरमध्ये अडकली आहे. मानस गुडगावला एका कंपनीत नेमकं हेच काम करतो. शनिवारी सकाळी साडेनऊला तो पाठीवर सॅक आणि हातात गाजराच्या हलव्याचा डबा घेऊन दारात उभा होता.

"हे बघ," मानस मला म्हणाला, "डिस्कची किल्ली बोर्डावरच्या एका चिपमध्ये असते. मशीन ओळखीचं वाटलं की चिप गुपचूप दार उघडते. त्या माणसाने सेटिंग बदललं, आता चिप ओळख दाखवत नाही. तुमच्या गेटवर नवा गार्ड आला की कसं होतं?"

"बाबांनाही रजिस्टरमध्ये सही करायला लावतो."

"बिल्कुल. आणि काका चिडतात."

"चिडतो काय," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले. "त्याचं बरोबरच आहे."

आई मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. एकेक शेंग ती जरुरीपेक्षा हळू उघडत होती.

मानसने आधी सेटिंग जुन्यासारखं लावून बघितलं. पडदा तोच. मग स्क्रू काढून डिस्क बाहेर काढली आणि एका वायरीने स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. तिथेही किल्लीच मागितली गेली. डिस्क त्याने कानाशी धरली, तिचं फिरणं ऐकलं.

"डिस्क ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आत सगळं जागच्या जागी आहे. फक्त किल्लीशिवाय ते कुणालाच वाचता येणार नाही. मलाही नाही, बनवणाऱ्यालाही नाही. किल्ली नसेल तर डिस्क पुसून नव्याने सगळं घालायचं."

"मग पुसून टाका," बाबा लगेच म्हणाले. "यादी काय, पुन्हा करू. दोन संध्याकाळचं काम."

आईच्या हातातले मटारचे दाणे ताटात पडले. ती बाबांकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "किल्ली आहे. अर्धी माझ्याकडे, अर्धी बाबांकडे."

"अर्धी-अर्धी?" मानसने विचारलं आणि मग त्याला इतकं हसू आलं की त्याने डिस्क टेबलावर ठेवली. "काका, तुम्ही ग्रेट आहात! आमच्याकडे हे शिकवायला ट्रेनिंग असतं."

बाबा उठले. आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. कपाट उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा नाही. ते सात मिनिटांनी बाहेर आले आणि घडी घातलेला कागद मानसच्या हातात दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी माझा कागद आणला. मानसने डिस्क परत बसवली, लॅपटॉप सुरू केला आणि बाबांच्या कागदावरून टाइप करू लागला. 318472. पडद्याने घेतलं. 604219. घेतलं. 488516.

पडद्यावर सूचना आली: हा गट चुकीचा आहे.

त्याने पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच.

"लिहिताना कुठेतरी चुकलंय," तो म्हणाला. "घाबरू नका, काकू. यात गंमत आहे. या किल्लीच्या प्रत्येक गटाला अकराने भाग जातो. मुद्दाम तसं केलेलं असतं, चूक लगेच पकडता यावी म्हणून. देविका, तू सायन्सवाली, बघ बरं."

मला हे माहीत नव्हतं. मी कागद घेतला. अकराची कसोटी शाळेत शिकवतात: एका आड एक आकडे मिळवायचे, दोन बेरजांमधला फरक शून्य किंवा अकराच्या पटीत यायला हवा. पहिल्या गटात तीन, आठ, सात, बेरीज अठरा. एक, चार, दोन, बेरीज सात. फरक अकरा. दुसऱ्यात अकरा आणि अकरा, फरक शून्य. क्षणभर मी सगळं विसरले. आकडे असे वागले की मला बरं वाटतं, आणि मानस माझ्या शेजारी ओणवा होऊन तेच करत होता, माझ्या आधी उत्तर यावं म्हणून घाई करत. "शून्य!" तो म्हणाला. "चलो, तिसरा."

तिसऱ्यात चार, आठ, एक, बेरीज तेरा. आठ, पाच, सहा, बेरीज एकोणीस. फरक सहा.

"एकच आकडा चुकला असेल, तर फार शक्यता उरत नाहीत," मी म्हणाले. तोपर्यंत मी मोजायला सुरुवातही केली होती. पहिला आकडा बदलून जमत नाही. दुसरा आठाचा दोन केला तर जमतं. तिसरा आठाचा तीन. चौथ्याने जमत नाही. पाचवा एकाचा सात. शेवटचा सहाचा शून्य. "चार. फक्त चार शक्यता."

"शाबास! दहा मिनिटांचं काम." मानसने बोटं मोडली. "आधी शून्य घालून बघतो."

तो टाइप करू लागला आणि मी कागद खिडकीकडे धरला. बाबांची अक्षरं शाईच्या पेनाची, वर्षभरात काळपट झालेली. तिसऱ्या गटातला पहिला आठ सगळा काळपट होता. त्याच्या शेजारचा आठ तसा नव्हता. त्याची उजवी बाजू काळपट होती, आणि डावीकडच्या दोन छोट्या वळणांची शाई स्वच्छ निळी होती. ती वळणं नसती तर तो तीन होता.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मी त्यांच्याकडे गेले. मानस मागे आकडे पुटपुटत होता.

"आठ तुम्ही केलात," मी म्हणाले. "आत्ता. सात मिनिटांत."

"हळू बोल."

"मंगळवारी मी काय दाखवू त्यांना? ती गोळी कुठली ते कोण सांगणार?"

"डॉक्टर आहेत त्या, काढतील शोधून." त्यांचा आवाज दाराच्या चौकटीपलीकडे जात नव्हता. "भानुला सासरच्यांनी सात महिन्यांत परत आणून सोडलं. घरीसुद्धा नाही, स्टेशनवर. मी गेलो होतो आणायला. अठरा वर्षांचा होतो. ती ट्रंकेवर बसली होती आणि तिच्या साडीवर..." ते थांबले. "तू बघितलं आहेस तिला."

बघितलं होतं. भानुआत्या आमच्याकडे क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात राहायची. पाहुणे आले की आपणहून आत जाऊन कडी लावायची. मी नववीत असताना ती वारली. तेव्हा मलाही वर्षभर फिट्स येत होत्या, आणि तिने मला कधी त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. माझ्याकडे बघायची मात्र.

"तिच्या वेळी आजोबांनी सासरी सांगितलं होतं का, लग्नाआधी?" मी विचारलं.

बाबांनी बाहेर मानसकडे बघितलं.

"सांगितलं होतं का?"

"नाही," ते म्हणाले.

"पहिला गेला!" मानस बाहेरून ओरडला. "गट घेतो, पण दार उघडत नाही. शून्य नव्हे तर. आता सात."

आई ओट्याशी आली होती. तिने मटारचं ताट खाली ठेवलं, हात पदराला पुसले. "अहो, पुरे आता," ती बाबांना म्हणाली. इतक्या वर्षांत या विषयावर तिला त्यांच्याशी इतकंही बोलताना मी ऐकलं नव्हतं. बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू दुसऱ्या कुलपाचा अधिकारी ठरल्या वेळी आलाच नाही.

ते बाहेर गेले. "मानसराव, राहू द्या आता. जेवण गार होतंय."

"साडेअकराच तर वाजलेत, काका. आता दोनच राहिले."

"पण मी म्हणतो, एवढा अट्टहास कशाला? गेली यादी तर गेली."

"अहो, आलंच आहे हातात." मानस मजेत होता. "दुसरा पण गेला. चला, आता दोन घालून बघू. चार, दोन, आठ..."

मी टेबलापाशी उभी राहिले. खुर्ची ओढून बसता आलं असतं, बसले नाही. तो तिसऱ्या वेळेस सगळे गट पहिल्यापासून टाइप करत होता. माझा कागद त्याने पाण्याच्या ग्लासाखाली दाबून ठेवला होता. त्याला एका गटाला साधारण पाच सेकंद लागत. आठ गट, चाळीस सेकंद. मग पडदा काही क्षण विचार केल्यासारखा थांबे. माझ्या सगळ्यात लांब फिटला एकशे दहा सेकंद लागले होते. त्यात काय होतं ते आईने मला एकदाच सांगितलं आहे, माझ्याच आग्रहावरून, आणि ते मी वहीत जसंच्या तसं लिहिलं. डोळे, तोंड, कपडे. ते पान आता या डिस्कमध्ये होतं. दार उघडलं की मानस सगळ्यात आधी काय करणार, तेही मला माहीत होतं. तो म्हणाला होता, आधी सगळ्याची प्रत काढून घेऊ. एकेक फोल्डर त्याच्या डोळ्यांसमोरून जाणार होतं, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्याला माझं नाव होतं.

मी त्याला थांबवून एवढंच म्हणू शकत होते की उरलेलं मी करते, तू जेवायला बस. तो लगेच उठला असता. त्याने काही विचारलं नसतं, आणि मी कागद छापून मंगळवारी गेले असते. बाबांनाही ते चाललं असतं. त्यांनी माझ्याकडे बघून अगदी बारीकशी मान हलवली, आणि ते हेच म्हणत होते, हे मला कळलं. असं मी वर्षभर केलं होतं.

पडदा थांबला. मग तीच ओळ आली, किल्ली जुळत नाही.

"तिसराही नाही," मानस म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. त्याने हात डोक्यामागे घेतले, वर माझ्याकडे बघितलं. "आता एकच राहिला. म्हणजे हा शंभर टक्के. काका, तोंड गोड करायला हलवा काढा. आधी काय उघडू? यादी?"

बाबांनी सोफ्याची पाठ धरली होती. आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती आणि तिथेच थांबली होती.

मानसने पहिला गट टाइप केला. दुसरा टाइप केला. तिसऱ्याचे पहिले दोन आकडे, चार आणि आठ, पडद्यावर आले.

मी हात पुढे केला आणि कीबोर्डवर, त्याच्या बोटांच्या आणि आकड्यांच्या मध्ये ठेवला.

"काय झालं?"

"पुढचा आकडा तीन आहे," मी म्हणाले. "मला मघापासून माहीत होतं. तो घालण्याआधी ऐक. यात यादी नाही. यात माझ्या आजाराचे कागद आहेत."

"देविका," बाबा म्हणाले.

"मला आठवीत असल्यापासून फिट्स येतात, मानस. शेवटची दोन वर्षांपूर्वी आली. पुन्हा येणार नाही असं कुणी सांगू शकत नाही. औषध बदलायचं आहे, म्हणजे कदाचित लवकरच येईल. आम्ही चौघांनी हे तुझ्यापासून लपवलं, आणि त्या चौघांत मी आहे. हे सगळं तू वाच, घरी सांग, हवा तेवढा वेळ घे. तुमच्याकडून काय उत्तर येईल ते येऊ दे, पण हे झाकून ठेवून मी लग्न करणार नाही."